दुसरा गिअर ठामपणे पडावा म्हणून: इम्पाला एसएसच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे काम

शेवरलेची 1994 ते 1996 या मॉडेल-वर्षांतील इम्पाला एसएस ही अमेरिकेतील हौशी गाडीमालकांची आवडती सेडान आहे. अठराशे किलोहून अधिक वजन, 5.7 लिटरचे एलटी1 हे व्ही8 इंजिन आणि 260 अश्वशक्ती असा तिचा ऐवज असून त्या काळच्या पोलिसांच्या कप्रीस गाड्यांतही हेच इंजिन आणि हाच गिअरबॉक्स असे. ज्यांच्याकडे ही गाडी आजही जवळजवळ मूळ अवस्थेत आहे, त्यांपैकी अनेकांची एकच तक्रार असते: इंजिनात दम आहे, पण अॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावर पहिल्यातून दुसरा गिअर पडताना गाडी क्षणभर रेंगाळते, इंजिन घरंगळल्यासारखे वाटते आणि मग कुठे ओढ लागते. हा रेंगाळा कमी करण्यासाठी गिअरबॉक्समध्ये कोणते बदल करतात, ते कसे काम करतात आणि कुठे थांबावे, हे या लेखात पाहू.

आधी एक खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्याकडे आता ऑटोमॅटिक म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर एएमटी येतो, कारण 2014 मध्ये सेलेरिओबरोबर तो स्वस्त गाड्यांत आला आणि पसरला. एएमटीमध्ये मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो आणि क्लच दाबण्याचे काम एक यंत्रणा करते. त्याचा झटका ही वेगळ्याच जातीची गोष्ट आहे. ठराविक गिअरच नसलेला सीव्हीटी आणि दुहेरी क्लचचे गिअरबॉक्स यांनाही पुढील विवेचन लागू पडत नाही. येथे विषय आहे तो टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या लहान गिअरांचा संच) असलेल्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पारंपरिक ऑटोमॅटिकचा. इनोव्हा क्रिस्टाच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकचे मूलतत्त्व हेच आहे, पण तिचे भाग आणि नियंत्रण निराळे असल्याने खालील कामे तशीच्या तशी तिच्यावर करता येणार नाहीत.

इम्पालातील गिअरबॉक्सचे नाव 4एल60-ई. चार गिअर, लांबीच्या दिशेने बसवलेला, 60 हा ताकदीचा वर्ग आणि शेवटचा ई इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा. जनरल मोटर्सने 1982 च्या मॉडेल-वर्षात टीएच700आर4 या नावाने जो गिअरबॉक्स आणला, त्याचाच हा वारस असून 1993 पासून त्याचे नियंत्रण संगणकाकडे गेले. पहिल्या गिअरचे गुणोत्तर 3.06, दुसऱ्याचे 1.63, तिसऱ्याचे 1.00 आणि चौथ्याचे 0.70. तक्रारीचे अर्धे उत्तर या आकड्यांतच आहे. पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 5000 फेरे घेत असताना दुसरा पडला, तर गाडीचा वेग तोच राहून इंजिनाला सुमारे 2660 फेऱ्यांवर यावे लागते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तेच इंजिन 5000 वरून साधारण 3070 पर्यंतच उतरते. म्हणजे पहिली उडी सर्वांत मोठी आहे, आणि फिरत्या इंजिनातील ती जादा ऊर्जा जिरवण्याचे काम एका पट्ट्यावर पडते.

हा पट्टा म्हणजे 2-4 बँड. एका ड्रमभोवती गुंडाळलेली, आतून घर्षणाचे अस्तर लावलेली ही पोलादी पट्टी सर्वो नावाचा पिस्टन तेलाच्या दाबाने आवळतो. ड्रम थांबला की दुसरा गिअर पडतो. तिसऱ्यासाठी हा पट्टा सुटतो आणि त्याच वेळी 3-4 क्लच पॅकमधील चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. चौथ्यात तो क्लच कायम राहून पट्टा पुन्हा आवळला जातो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पट्टा सोडणारे तेल आणि क्लच दाबणारे तेल एकाच वाटेने येत असल्याने त्यांचा ताळमेळ फार नाजूक असतो. पट्टा लवकर सुटला तर इंजिन मोकळे होऊन एकदम गरगरते आणि उशिरा सुटला तर दोन गिअर एकाच वेळी धरले जाऊन गाडी आतल्या आत अडखळते. पुढे जे काही बदल करायचे, ते या ताळमेळाला धक्का न लावता करायचे, ही पहिली अट.

आता गिअर मऊ का पडतो, ते पाहू. ड्रम फिरता असताना पट्टा आवळायला सुरुवात होते आणि ड्रम पूर्ण थांबेपर्यंत अस्तर त्यावर घासत राहते. मॅन्युअल गाडी घाटात हाफ क्लचवर धरून ठेवली की क्लच प्लेटचा जो वास येतो, तोच प्रकार येथे सेकंदाच्या काही अंशांत उरकतो. कारखान्यातील अभियंत्यांनी ही घसरण मुद्दाम लांबवलेली असते, कारण मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला गिअर बदलल्याचे कळू नये, अशी अशा मोठ्या सेडानच्या ग्राहकांची अपेक्षा होती. घसरण लांबली की गिअर लोण्यासारखा पडतो, पण तेवढा वेळ अस्तर तापते. साध्या चालवण्यात इंजिनाचा जोर कमी असल्याने हे तापणे नगण्य असते. पूर्ण अॅक्सिलरेटरवर मात्र इंजिन त्या घसरत्या पट्ट्याच्या विरोधात जोर लावत राहते. म्हणून गिअर ठाम पडणे हा केवळ हौसेचा भाग नाही. जोर असताना घसरण आटोपशीर झाली तर अस्तराचे आयुष्य वाढते. मात्र ठामपणा वाढला म्हणजे गिअरबॉक्सची ताकद वाढली, असा जो समज आढळतो तो चुकीचा आहे, कारण झटका जितका मोठा तितका ताण पोलादी भागांवर जातो, आणि या गिअरबॉक्समधील एक पोलादी भाग मुळातच नाजूक आहे.

घसरण किती वेळ चालेल, हे तीन गोष्टींवर ठरते: तेलाचा दाब, तो दाब ज्या पिस्टनवर पडतो त्याचे क्षेत्रफळ, आणि तेल तिथे किती वेगाने पोचते. बाजारातील झाडून सगळे किट, पिस्टन आणि स्प्रिंगा या तिघांपैकी कुठल्या तरी एकाशी खेळत असतात, आणि हे डोक्यात पक्के असले की जाहिरातीतील निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

मला यांतला सर्वांत प्रामाणिक बदल वाटतो तो सर्वोचा. कॉर्व्हेट सर्वो या नावाने ओळखला जाणारा मोठ्या पिस्टनचा संच याच कुळातल्या गिअरबॉक्सला बसतो आणि दुसऱ्या गिअरसाठी पट्टा अधिक जोराने आवळतो. दाब तोच ठेवून पिस्टनचा व्यास दहा टक्क्यांनी वाढवला तर क्षेत्रफळ, आणि म्हणून बल, एकवीस टक्क्यांनी वाढते. पंपावर जादा ताण नाही, बाकीच्या क्लचांवर परिणाम नाही, आणि गिअरबॉक्स गाडीतून खाली उतरवावा लागत नाही. सर्वोचे गोल झाकण गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला असते. झाकण आत दाबून धरायचे, कडेच्या खाचेत बसलेली तारेची रिंग टोकदार हत्याराने उचकून काढायची आणि मग झाकण हळूहळू बाहेर ओढायचे. त्यावरची रबरी ओ-रिंग वर्षानुवर्षे तापून चिकटलेली असल्याने ते सहजासहजी सुटत नाही, आणि सुटले की थोडे तेल हातावर येतेच. मागोमाग पिस्टन, स्प्रिंगा आणि मधला दांडा असा ऐवज बाहेर येतो. तो ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने स्वच्छ कापडावर मांडून ठेवावा. या दांड्याची लांबी हा कळीचा मुद्दा आहे, कारण पट्टा आणि ड्रम यांच्यातील मोकळे अंतर त्यानेच ठरते. दांडा लांब झाला तर पट्टा कधीच पूर्ण सुटत नाही आणि सतत घासून जळतो. आखूड झाला तर पिस्टनला जास्त प्रवास करावा लागतो आणि मोठ्या पिस्टनचा फायदा तिथेच संपतो. नवा संच आणला म्हणून त्यातला दांडा डोळे मिटून घालणारे मेकॅनिक आहेत. त्यांना जुना आणि नवा दांडा शेजारी धरून मोजायला सांगावे. काही दमदार गाड्यांत कारखान्यातूनच मोठा पिस्टन आलेला असतो, त्यामुळे विकत घेण्याआधी आपल्या गाडीत कोणता आहे हे बघितलेले बरे.

तेलाचा वेग सांभाळणारे दोन भाग म्हणजे सेपरेटर प्लेट आणि ॲक्युम्युलेटर. गिअरबॉक्सच्या तळाशी, तेलाच्या पॅनच्या वर, तेल कोणत्या वाटेने जाईल हे ठरवणारी व्हॉल्व्ह बॉडी असते आणि तिच्या माथ्यावर अनेक भोके पाडलेली पातळ पोलादी प्लेट असते. प्रत्येक गिअरचे तेल त्यातल्या ठराविक भोकातून जाते. भोक मोठे केले की तेल लवकर पोचते आणि गिअर पटकन पडतो. शिफ्ट किट म्हणून जे मिळते त्यात बहुधा भोके कुठे आणि किती मोठी करायची याच्या सूचना किंवा तयार प्लेट, काही स्प्रिंगा आणि एखादा व्हॉल्व्ह असतो. येथे घाई करणाऱ्याने वर्तुळाचे गणित आठवावे: 2.3 मिलिमीटरचे भोक 2.8 मिलिमीटर केले तर व्यासातला फरक डोळ्याला जाणवतही नाही, पण वाट अठ्ठेचाळीस टक्क्यांनी रुंद होते. मोठे झालेले भोक पुन्हा लहान होत नाही, नवी प्लेटच आणावी लागते. म्हणून किटमध्ये दोन पर्याय दिलेले असतील तर रोज चालवायच्या गाडीसाठी त्यातला लहान निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हॉल्व्ह बॉडी खाली घेताना तिच्या खाचांत असलेल्या लहान गोळ्या घरंगळून पडतात; कोणती गोळी कुठे होती याचे छायाचित्र आधीच काढून ठेवावे आणि परत बसवताना त्या थोड्या पेट्रोलियम जेलीने जागेवर चिकटवून धराव्यात. एक गोळी चुकली तरी एखादा गिअर नाहीसा होऊ शकतो.

ॲक्युम्युलेटर हा स्प्रिंग लावलेला छोटा पिस्टन असतो. पट्टा आवळायला निघालेल्या तेलातला काही भाग तो गिळतो, त्यामुळे दाब एकदम न चढता टप्प्याटप्प्याने चढतो. स्प्रिंग कडक केली की गिअर ठाम पडतो. एवढे ठीक आहे. पण काही जण तो पूर्णच बंद करून टाकतात, आणि मग दुसरा गिअर पाठीत बुक्की मारल्यासारखा पडतो. शर्यतीच्या गाडीत हे चालत असेल. घरच्या गाडीत याचा हिशेब रिअॅक्शन सन शेलला चुकवावा लागतो. वर उल्लेखलेला नाजूक भाग तो हाच. घमेल्याच्या आकाराचे हे पोलादी कवच पट्ट्याने धरलेल्या ड्रमचा जोर आतल्या गिअरपर्यंत पोचवते आणि त्याचे दाते झिजून साफ होणे हा या गिअरबॉक्सचा कुप्रसिद्ध दोष आहे. ते तुटले की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिन्ही एकदम जातात, पहिला आणि तिसरा मात्र चालू राहतो. कधी गिअरबॉक्स पूर्ण उघडण्याची वेळ आलीच, तर कडक केलेले सुधारित शेल घालणे शहाणपणाचे ठरते. नुसत्या ठाम गिअरसाठी तो उघडण्यात अर्थ नाही. याउलट, या गिअरबॉक्समधला ॲक्युम्युलेटरचा मूळ पिस्टन प्लास्टिकचा असेल तर तो तडकलेला आहे का, हे पॅन उघडल्यावर जरूर बघावे, कारण दुसरा गिअर अलीकडे अचानक ढिला झाला असेल तर दोष बऱ्याचदा तिथेच सापडतो आणि तो दुरुस्तीचा विषय असतो, सुधारणेचा नव्हे.

राहिला दाब. 4एल60-ई मध्ये तो एका सोलेनॉइडकडे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हकडे, असतो आणि त्याचे वागणे उलटे आहे: संगणक त्याला सुमारे 1.1 अँपिअर प्रवाह देतो तेव्हा दाब सर्वांत कमी असतो, आणि प्रवाह शून्य झाला की सर्वांत जास्त. वायर तुटली किंवा वीज गेली तर गिअरबॉक्स घसरून जळण्यापेक्षा धक्के देत का होईना, गाडी घरी पोचवावी, हा त्यामागचा विचार. वीज पूर्ण गेली तर दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड बंद पडून गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकते. तेव्हा एखाद्या दिवशी गाडी आपोआपच धाडधाड गिअर टाकू लागली, तर खूश होण्याऐवजी वायरिंग तपासावे.

या उलट्या स्वभावाचा फायदा घेऊन सोलेनॉइडच्या वायरमध्ये एक रेझिस्टर घालण्याची युक्ती स्वस्तात विकली जाते. प्रवाह कमी झाला, दाब वाढला, गिअर ठाम पडला. पण हा दाब सरसकट वाढतो, सिग्नलवर उभ्या गाडीतही आणि भाजी आणायला निघालेल्या गाडीतही, त्यामुळे जिथे मऊपणा हवा तिथेच झटका बसतो. प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे मूळ दाब ठरवणारा व्हॉल्व्ह, याची स्प्रिंग कडक केली तरी थोडेफार हेच होते. बूस्ट व्हॉल्व्हचे तसे नाही. त्याच्यावर इंजिनावरील भाराचा इशारा देणारे तेल दाबते, त्यामुळे थोड्या मोठ्या व्यासाचा बूस्ट व्हॉल्व्ह घातला तर अॅक्सिलरेटर जितका जास्त दाबाल तितकाच जादा दाब मिळतो आणि हलक्या पायाला फारसा फरक पडत नाही. जवळजवळ मूळ अवस्थेतील गाडीला हवे असते ते नेमके हेच.

इम्पालाच्या बाबतीत आणखी एक चांगला मार्ग आहे. तिच्या इंजिन-गिअरबॉक्सच्या संगणकाची स्मृती पुन्हा लिहिता येते, चिप बदलावी लागत नाही. त्यात कोणत्या भाराला किती दाब आणि गिअर बदलायला किती वेळ अपेक्षित, याचे तक्ते असतात. संगणक प्रत्यक्ष लागलेला वेळ मोजून त्या तक्त्याशी ताडतो आणि दाब थोडाथोडा कमीजास्त करतो. सर्वो बदलल्यावर आठवडाभर गिअर झकास पडले आणि मग हळूहळू पुन्हा मऊ झाले, अशी जी गोष्ट ऐकू येते तिचे कारण हेच असू शकते: संगणकाला वाटते गिअर फार लवकर पडतो आहे, म्हणून तो दाब उतरवतो. अशा वेळी आणखी भोके पाडत बसण्यापेक्षा अपेक्षित वेळेचा तक्ता जाणकाराकडून दुरुस्त करून घ्यावा. अॅक्सिलरेटरच्या वरच्या निम्म्या भागातले आकडे बदलून खालचे तसेच ठेवता येतात, आणि चुकले तर मूळ फाइल परत चढवता येते.

हे सगळे करण्याच्या आधीचे एक काम मात्र कोणालाच करायचे नसते, ते म्हणजे गिअरबॉक्स मुळात निरोगी आहे का हे पाहणे. पॅन काढल्यावर चुंबकावर करड्या रंगाचा बारीक लेप दिसला तर काळजी नाही. काळी भुकटी, जळका वास किंवा चमकणारे कण दिसले तर शिफ्ट किटचे पैसे पाण्यात जातील. दुसऱ्यानंतर इंजिन नुसते गरगरते आणि तिसरा, चौथा धड पकडत नाही, तर 3-4 क्लच जळला आहे. तो या गिअरबॉक्सचा जुना आजार आहे आणि त्याला बाहेरून औषध नाही. दाब मोजण्यासाठी गिअरबॉक्सच्या बाजूला बूच लावलेले भोक असते, तिथे मापक जोडता येतो. इंजिन संथ चालू असताना साधारण 55 ते 65 पीएसआय आणि पूर्ण भाराला त्याच्या दुपटीहून अधिक दाब दिसायला हवा. हा आकडा आधी लिहून ठेवला तर बदलानंतर आपण काय मिळवले ते अंदाजाने सांगावे लागत नाही.

तेल आणि त्याचे तापमान यांबाबत थोडक्यात. पॅन काढल्यावर साधारण पावणेपाच लिटर तेल निघते, बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहते, म्हणून एका बदलात सगळे तेल नवे होत नाही. मूळ गाडीला डेक्सरॉन 3 या दर्जाचे तेल होते. आता त्या जागी डेक्सरॉन 6 वापरतात. रेडिएटरमधल्या कूलरच्या जोडीला बाहेर एक वेगळा ऑइल कूलर लावणे हे ठाम गिअरशी थेट संबंध नसलेले, पण सर्वांत मोलाचे काम आहे, कारण गिअरबॉक्स मरतात ते बहुतेक उष्णतेने. टॉर्क कन्व्हर्टर मात्र मूळचाच ठेवावा. जास्त स्टॉलचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनाला जास्त फेऱ्यांपर्यंत चढू देणारा, कन्व्हर्टर गाडी उभ्यापासून चपळ करतो, पण तो अधिक घसरतो, अधिक तापतो आणि ठाम पडलेला गिअरही चालकाला पुन्हा मऊच भासतो.

काम झाल्यावर तेल गरम होईपर्यंत सावकाश चालवून मगच निष्कर्ष काढावा. हलक्या पायाने दुसरा गिअर पडलेला कळला पाहिजे, पण कपातला चहा हिंदकळू नये. अर्ध्या अॅक्सिलरेटरला स्पष्ट ओढ जाणवावी आणि पूर्ण अॅक्सिलरेटरला इंजिनाचा आवाज एका झटक्यात खाली यावा, मध्ये गरगर नको. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडी ब्रेक लागल्यासारखी अडखळली तर पट्टा उशिरा सुटतो आहे. पुन्हा सर्वो काढून दांड्याची लांबी मोजायची. उभ्या गाडीत पार्किंगमधून रिव्हर्स टाकल्यावर मागच्या ॲक्सलपर्यंत धाडकन आवाज गेला तर मूळचाच दाब फार वाढला आहे, आणि तेव्हा रेग्युलेटरची कडक स्प्रिंग काढून जुनी परत घालावी.